एक तारा देणाऱ्या आमच्या जुन्या सहकाऱ्यास

नमस्कार. आमच्या कंपनीबद्दलचा अभिप्राय तुम्ही नाव झाकून लिहिलाय. कोण ते मी ओळखलंय, पण झाकलंय तर झाकलेलंच राहू दे.

बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, आमचा औषधांच्या कार्टनचा छापखाना आहे. ३१ मार्च २०२५ ला आम्ही हातपेस्टिंगचं, म्हणजे हाताने डबे चिकटवायचं, टेबल बंद केलं आणि सात जणांना कमी केलं. त्यातल्या एकाने इथे लिहिलंय की रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर काढून टाकलं, मंदीचं कारण खोटं होतं, ग्रॅच्युइटी रखडवली, मार्चचा पीएफ मालकाने खाल्ला आणि सुपरवायझर बाईंनी मालकाचे कान भरले. बाईंचं नावही लिहिलंय. शेवटी, 'इथे कुणी नोकरी धरू नका'.

मंदीचं आधी बोलतो, कारण तिथे तुमचं बरोबर आहे. ऑर्डरी कमी झाल्या होत्या हे खोटं नाही, पण टेबल त्यामुळे गेलं नाही. फोल्डर-ग्लूअर, म्हणजे डबे दुमडून चिकटवणारं मशीन, आलं म्हणून गेलं. तुम्ही सात जण मिळून दिवसाला वीस हजार डबे चिकटवायचात, ते मशीन तेवढे तासाभरात काढतं. जानेवारीत त्याचा अ‍ॅडव्हान्स देतानाच मला पुढचं दिसत होतं. मीटिंगमध्ये 'मंदी' म्हणालो, कारण ते बोलायला सोपं होतं. मंदीत कुणाचाच दोष नसतो, मशीन मात्र मी विकत घेतलं होतं. कडेला बोट फिरवून खळ ओली राहिलीय का ते सांगणारी माणसं होतात तुम्ही. तुम्हाला हे कळणार नाही असं मला का वाटलं, कोण जाणे.

व्हॉट्सअ‍ॅपचंही खरं आहे. रात्री साडेदहाला ग्रुपवर मेसेज गेला तेव्हा मी एका लग्नात होतो. मॅनेजरने परस्पर पाठवला, असं म्हणून मी हात झटकू शकतो, पण मजकूर मला विचारूनच लिहिला होता. सकाळी तुमच्यातले दोघे मेसेज न बघताच आले आणि हजेरीच्या मशीनला अंगठा लागेना. वॉचमन म्हणाला, पुसून परत लावा. ते पुसून परत लावत राहिले. हे मला नंतर कळलं. नोटिशीच्या बदल्यात महिन्याचा पगार आणि वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई आम्ही दिली, तेव्हा लागू असलेल्या १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती तशी. कायदा पाळला, रीत पाळली नाही.

ग्रॅच्युइटी तीस दिवसांत द्यायची असते. आम्ही १९ मेला दिली, म्हणजे १९ दिवस उशिरा, आणि व्याज लावलंच नाही. मूळ पगार १८,००० आणि नोकरी ११ वर्षं धरली तर १८,००० ला २६ ने भागून १५ ने गुणायचं, मग ११ ने. होतात १,१४,२३१ रुपये. त्यावर १० टक्क्यांनी १९ दिवसांचं व्याज ५९५ रुपये. रक्कम छोटी आहे, पण ती तुमची आहे. सातही जणांचे व्याजाचे चेक तयार आहेत.

पीएफचं मात्र मी ऐकून घेणार नाही. मार्चचा भरणा १५ एप्रिलपर्यंत करायचा असतो, आमचा १२ एप्रिलला झालाय. पासबुकात नोंद उशिरा दिसली असेल, आता सरकारच्या उमंग अ‍ॅपवर बघा. 'खाल्ला' म्हणजे चोरी केली, आणि ती मी केलेली नाही. तेवढी ओळ काढा. बाईंचं नावही काढा. यादी मी केली, त्यांना ती तुमच्याइतकीच उशिरा कळली. त्या अजून नोकरीत आहेत, त्यांना इथे येऊन तुम्हाला उत्तर देता येत नाही.

बाकीचं राहू दे. एका गिऱ्हाइकाच्या परचेसवाल्यांनी तुमचं वाचून मला फोन केला, त्यांनाही हेच सांगितलं. ओळखीच्या वकिलांनी नोटीस पाठवायला सुचवलं. भाच्याने तर दोन दिवसांत तीन पाचतारी अभिप्राय टाकले, 'उत्तम वातावरण, कुटुंबासारखी कंपनी'. ते मी काढायला लावले. तो आमच्याकडे एक दिवसही कामाला नव्हता.

माझे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली तेव्हा चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, उभं राहून शेठला काय काय बोलायचे ते मी लहानपणी ऐकलंय. त्यातलं निम्मं इथे छापता येणार नाही. त्यांना कुणी नोटीस पाठवली नव्हती. लारीवरचं बोलणं संध्याकाळी विरून जायचं, तुमचं इथे राहणार, एवढाच फरक. म्हणून त्यात चुकीचं काही राहू नये असं वाटतं, माझ्या बाजूनेही.

दिवाळीआधी पॅकिंगला दोन-तीन माणसं लागतील. छटणी झालेल्यांना आधी विचारायचं असं कायद्यातही आहे, आणि आधी तुम्हा सातांनाच फोन जाईल. इथे लिहिलं म्हणून कुणाचं नाव गळणार नाही. येणं-न येणं तुमच्यावर.

आणखी एक. अनुभवाच्या दाखल्यावर आम्ही सगळ्यांना नुसतं 'हेल्पर' लिहून दिलं होतं. पेस्टिंग, डबे तपासणं, रिजेक्ट माल वेगळा काढणं, नव्या पोरांना शिकवणं, काहीच लिहिलं नव्हतं. सातही दाखले नव्याने केलेत. रविवार सोडून कधीही अकरा ते एकमध्ये या, चेक आणि दाखला एकदमच मिळेल. सही करायच्या आधी दाखला वाचून बघा, एखादं काम राहिलं असेल तर तिथल्या तिथे टाइप करून देतो.