वाऱ्याकडे पाठ करून टेकऑफ? कोणी सांगितलं?

चार ‘वैज्ञानिक तथ्यां’चा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. मागून वारा आला की विमान सहज उचललं जातं, म्हणून पायलट वाऱ्याकडे पाठ करून टेकऑफ घेतात. हवेत वाऱ्याकडे पाठ वळली की विमान पडतं. तिरकं उतरणारं विमान म्हणजे पायलटचा ताबा सुटला. आणि कागदी विमान वारा पाठीशी घेऊनच फेकावं. हे सगळं भाचीच्या विज्ञान प्रकल्पाच्या तक्त्यावर चढलंय, म्हणून लिहिणं भाग आहे.

पहिलं ‘तथ्य’ सगळ्यात घातक. पंखाचा जमिनीशी संबंध नाही. त्याच्यावरून हवा किती वेगाने जाते यावर उचल ठरते. समजा विमान उचलायला हवेच्या तुलनेत 140 नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किमी) लागतात. समोरून 20 नॉट वारा असेल तर जमिनीवर 120 नॉटलाच काम होतं. पाठीमागून 10 नॉट असेल तर चाकांना 150 गाठावे लागतात. धावपट्टीवरची धाव साधारण या वेगाच्या वर्गाच्या (वेग गुणिले वेग) प्रमाणात बदलते. म्हणजे शांत हवेपेक्षा पहिल्या वेळी पाव हिस्सा कमी, दुसऱ्या वेळी 15 टक्के जास्त. अमेरिकेच्या एफएए या विमान वाहतूक नियामक संस्थेची वैमानिकांसाठीची पुस्तिका हेच सांगते: टेकऑफच्या वेगाच्या 10 टक्के समोरचा वारा अंतर सुमारे 19 टक्के घटवतो, तेवढाच पाठचा वारा 21 टक्के वाढवतो. धावपट्टी मात्र आहे तेवढीच राहते. शिवाय ऐनवेळी टेकऑफ रद्द करायचा झाला तर ब्रेकवर वाढीव वेगाचा भार येतो. म्हणूनच बहुतेक प्रवासी विमानांना पाठच्या वाऱ्याची मर्यादा 10 ते 15 नॉट असते आणि वारा फिरला की 09 ऐवजी 27, म्हणजे तीच धावपट्टी उलट दिशेने, वापरात येते. वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी नळा, म्हणजे विंडसॉक, काय शोभेला टांगतात?

अर्धं खरं एवढंच की वर गेल्यावर पाठचा वारा कामाचा. जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरच्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याचा, 100 नॉट वारा पाठीशी असेल तर जमिनीच्या हिशेबात वेग तेवढाच वाढतो, वेळ आणि इंधन वाचतं. उचल मात्र तसूभरही वाढत नाही.

वळताना पडण्याची गोष्ट स्थिर वाऱ्यात साफ खोटी. विमान त्या हवेबरोबर वाहतच असतं. धोका असतो वारा अचानक बदलण्यात. 2 ऑगस्ट 1985 रोजी अमेरिकेत डॅलसला उतरणारं डेल्टा एअरलाइन्सचं 191 क्रमांकाचं विमान मायक्रोबर्स्टमध्ये, म्हणजे वादळी ढगाखाली जोरात खाली आदळून पसरणाऱ्या हवेत, सापडलं. समोरचा वारा बघता बघता पाठचा झाला. 137 जीव गेले.

तिरकं उतरणं? आडव्या वाऱ्यात नाक मुद्दाम वाऱ्याकडे ठेवतात आणि टेकताना रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) सरळ करतात. ताबा आहे म्हणूनच ते जमतं.

आता कागदी विमान. हाताचा वेग सेकंदाला 6 मीटर, पाठचा वारा 3. पंखाला मिळाले फक्त 3. उचलही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते: वेग निम्मा, म्हणजे उचल एक चतुर्थांश. नाक लगेच खाली. समोरून तोच वारा असेल तर 9, उचल सव्वादोन पट. विमान उभं चढतं, थबकतं आणि कोसळतं. तेव्हा समोरच्या वाऱ्यात हळू फेका, नाकाला पेपर क्लिप लावा. पाठच्या वाऱ्यात जोरात फेका. गच्चीवरून सोडलेलं वाऱ्याबरोबर लांब जाईल खरं, पण ते वाहून जाणं झालं. 2012 चा 69.14 मीटरचा जागतिक विक्रम बंद हँगरमध्ये झाला, तिथे वाराच नव्हता.