खुलासा : तेवीस जातींच्या कुत्र्यांवरील 'देशव्यापी बंदी'

'रॉटवायलर, पिटबुल यांच्यासह २३ जातींचे कुत्रे पाळण्यास केंद्राची बंदी असून, घरातील कुत्री जप्त होणार', असा मजकूर सध्या फिरत आहे. तो खरा नाही.

केंद्रीय पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पाठवलेल्या परिपत्रकात या जातींची आयात, पैदास व विक्री यांना परवाने देऊ नयेत आणि आधीपासून पाळलेल्या कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असे म्हटले होते. जप्तीचा त्यात उल्लेख नव्हता. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढल्याने कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिलला ते रद्द ठरवले, आणि त्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयातही ते टिकले नाही. अर्थात, काही महापालिकांचे स्वतःचे नियम आहेत, ते वेगळे.

मुळात यादीच ढिसाळ होती. तीत 'टेरियर' अशी सरसकट नोंद होती, म्हणजे मांडीवर मावणारा यॉर्कशायर टेरियरही हिंस्र ठरला! चाव्याची जबाबदारी जातीवर ढकलणारा कायदा म्हणूनच आम्हाला अमान्य आहे. पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करणाऱ्या मालकाला, कुत्रा कोणत्याही जातीचा असो, भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.