खुलासा : शेवटची अक्षरं सारखी असली म्हणून इंग्रजी यमक जुळत नाही

पहिली-दुसरीच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक यादी फिरतेय. ‘शेवटची तीन अक्षरं सारखी की झाले रायमिंग वर्ड्स,’ असं सांगून तिच्यात फूड-गुड-ब्लड, कम-होम, लव्ह-मूव्ह अशा जोड्या दिल्या आहेत.

हा नियम चुकीचा आहे. इंग्रजी यमक स्पेलिंगवर नाही, उच्चारावर ठरतं. ज्या स्वरावर जोर येतो तिथपासून शेवटपर्यंतचा आवाज जुळायला हवा. शब्द देवनागरीत लिहून पाहा, फरक लगेच दिसेल. फूड म्हणजे अन्न, त्याला जुळतो मूड. गुडला जुळतो वुड, म्हणजे लाकूड. आणि ब्लडला, म्हणजे रक्ताला, जुळतो मड, म्हणजे चिखल. त्याचं तर स्पेलिंगही वेगळं. ब्लू, शू, थ्रू, टू यांची शेवटची अक्षरं वेगवेगळी, तरी यमक पक्कं.

मग स्पेलिंग सारखं आणि उच्चार वेगळा, असं का? साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतले दीर्घ स्वर बदलत गेले. छपाई इंग्लंडमध्ये १४७६च्या सुमारास आली आणि पुष्कळ स्पेलिंगं जुन्या उच्चारांवरच थांबली. लव्ह-मूव्हसारख्या जोड्या कवितेत येतात हे खरं, पण त्यांना ‘आय राइम’ म्हणतात. ते फक्त डोळ्यांना दिसणारं यमक.

खात्री करायची तर ऑनलाइन शब्दकोशात स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवून दोन्ही शब्द मुलांसोबत ऐका. ती यादी कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवली असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.