पुन्हा दुसराच मजला!

परवा पुन्हा तेच. धाकट्या भावाची सरकारी भरतीची परीक्षा, केंद्र नाशिकरोडला, नंबर दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. अर्जात अस्थिव्यंग लिहिलंय, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) जोडलंय, तरीही! शेवटी मी आणि एका रिक्षावाल्या काकांनी (देव त्यांचं भलं करो) त्याला व्हीलचेअरसकट उचलून वर नेलं. पेपर हातात पडायच्या आधीच पोराचा चेहरा उतरलेला. वर्षभर रात्री जागून अभ्यास केला त्यानं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव ठेवल्या. पण तिथवर पोहोचायलाच दर वेळी कुणाच्या तरी खांद्यांची गरज का लागावी? त्याच वर्गात एक अंध मुलगी होती, लेखनिक घेऊन आलेली. तासाला २० मिनिटं जादा वेळ मिळतो, हे पर्यवेक्षकांनाच माहीत नाही! तिनं पिशवीतून नियमाची प्रत काढून दाखवली, तेव्हा कुठे मान्य केलं. परीक्षेला बसायचं की हक्कासाठी भांडायचं?

आणि सगळ्यात जास्त कशानं डोकं फिरलं सांगू? तळमजल्यावर तीन वर्ग रिकामे होते.