शेक इंग्लंडचे, देखरेख कुणाची?

साताऱ्यातल्या आमच्या घरात 'दीक्षित की दिवेकर' हा वाद बरीच वर्षं चालला. दादा डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा कट्टर माणूस. दिवसातून दोनदाच जेवायचं आणि प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत उरकायचं. वहिनी ऋजुता दिवेकरांच्या बाजूच्या. थोडं थोडं खा, तुपाला भिऊ नका. भांडण मजेचं होतं, कारण दोन्ही पक्षांच्या ताटात भाकरी होतीच. यंदा वहिनींनी दोन्ही पक्ष सोडले आणि वेटलॉस क्लबात नाव घातलं. सकाळी जेवणाऐवजी पावडरीचा शेक, रात्री शेक, दुपारी काकडी. महिन्यात दहा किलोची हमी.

मी फोनवर कुरकुर केली, तर त्यांनी मलाच धरलं. "भावजी, तुमच्या इंग्लंडात सरकारच शेक देतंय म्हणं. मग आम्ही घेतला की लगेच वाईट व्हय?" क्लबाच्या कोचने तशी बातमी ग्रुपवर टाकली होती.

बातमी खरी आहे. टाइप टू मधुमेह असलेल्यांना इथली एनएचएस, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, बारा आठवडे रोज ८०० ते ९०० कॅलरींचे शेक आणि सूप फुकट देते. स्कॉटलंड आणि टाइनसाइडमध्ये झालेल्या 'डायरेक्ट' अभ्यासाचे निकाल २०१७ साली आले. त्यात वर्षभराने ४६ टक्के लोकांची साखर औषधांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली आली होती. त्यामुळे झपाट्याने वजन उतरवणं सरसकट घातकच, असं मी म्हणणार नाही.

पण कोचने बातमीचं शेपूट कापून पाठवलं. या योजनेत वाटेल त्याला घेत नाहीत. मधुमेहाचं निदान गेल्या सहा वर्षांतलं लागतं. इन्शुलिनवर असलेले, गरोदर बायका, खाण्याशी संबंधित मानसिक आजार असलेले, सगळे बाहेर. पहिलं पाकीट फोडण्याआधी डॉक्टर गोळ्या बघतात, साखरेच्या आणि रक्तदाबाच्या काही कमी करतात, काही बंदच करतात. बारा आठवड्यांनंतर जेवण हळूहळू सुरू करतात आणि वर्षभर कुणीतरी पाठीशी असतं.

वहिनींची ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी मात्र रोज चालूच होती. ही गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. पहिल्याच आठवड्यात पोवई नाक्यावर रिक्षाची वाट बघताना त्यांना दरदरून घाम फुटला आणि हात थरथरायला लागले. टपरीवाल्याने गोड चहा पाजला म्हणून निभावलं. त्यावर कोचचा मेसेज आला: "ताई, डिटॉक्स होतंय, चांगलं लक्षण आहे." साखर घसरून माणूस रस्त्यात पडायची वेळ येते, त्याला चांगलं लक्षण म्हणायला मोठीच हिंमत लागते!

आता त्या आठवड्यात उतरलेल्या चार किलोंबद्दल. यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा असतो, ग्लायकोजेन. त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं. खाणं तोडलं की आधी हा साठा संपतो आणि पाणी निघून जातं. काटा खाली येतो, चरबी बहुतेक जागच्या जागी.

पुढे प्रथिनं आणि व्यायाम कमी पडला की स्नायू झिजतात. ते आपल्याला, भारतीयांना, जास्त महागात पडतं. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा जोडफोटो आला होता, पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच, २२.३. चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. जेवणातली साखर शोषून घेण्यात स्नायूंचा मोठा वाटा असतो, आणि आपल्याकडे मुळात तेच कमी. दहा किलोंच्या हमीत त्यातले स्नायू किती, हे कुठला क्लब सांगतो? बरं, डाएट सुटलं की परत येते ती मुख्यतः चरबी.

पित्ताशयाचं दुखणं तर कुणी बोलतच नाही. वजन भराभर उतरताना यकृत पित्तात जास्त कोलेस्टेरॉल सोडतं. जेवणात तूप-तेल जवळजवळ नसल्यामुळे पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही. पित्त साचून राहतं आणि खडे धरतात. केस गळतात दोन-तीन महिन्यांनी. तोवर क्लबाची बॅच संपलेली असते, मग दोष शाम्पूला.

इंग्लंडचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. इथेही लठ्ठपणा भरपूर आहे, आणि डॉक्टरची वेळ मिळवायला सकाळी आठला फोन लावून ताटकळावं लागतं. साताऱ्यात संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बसलं की डॉक्टर भेटतात. म्हणजे देखरेख आपल्याकडे उलट सोपी आहे. फरक एवढाच, की इथे या योजनेत पाकीट देणाऱ्याला डॉक्टरांना वगळून पुढे जाता येत नाही. तिथे क्लबात पाकीट देणाराच डॉक्टर होऊन बसतो.

दादाने अखेर गोळ्यांची पट्टी आणि शेकचा डबा दोन्ही घेऊन वहिनींना नेहमीच्या डॉक्टरांकडे नेलं. सध्या महिन्याला दोन किलोंचं बोलणं झालंय, भाकरीसकट. क्लबाने पैसे परत द्यायला नकार दिलाय, आणि वहिनी त्यांच्याशी अजून भांडतायत.