मी पाडलेले ऊन

परवा दुपारी साडेतीन वाजता मी कार्यालयातील ४० माणसांना घरी सोडले आणि चार वाजून दहा मिनिटांनी कुर्ल्यावर लख्ख ऊन पडले, तेव्हापासून मला सगळे ‘वेधशाळा’ म्हणतात.

माझ्या हाती माहिती होती ती अशी: हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट, ज्याचा अर्थ ‘सज्ज राहा’ एवढाच, पण घरी सज्ज राहायचे की टेबलाशी, हे खाते सांगत नाही, साडेचार मीटरच्या वरची भरती, आणि शीवजवळ रुळांवर चढलेल्या पाण्याची, कोणाच्या तरी मेहुण्याने पाठवलेली चित्रफीत, जी मागाहून गेल्या वर्षीची निघाली. तरीही रीतसर परवानगी असावी म्हणून मी फोर्टमधल्या साहेबांना फोन लावला.

“पाणी भरले आहे का?”

“भरण्याची शक्यता आहे, सर.”

“म्हणजे भरलेले नाही.”

“भरल्यावर सोडून उपयोग नाही, सर.”

“इथे तर थेंब नाही. मला खिडकीतून दिसते आहे.”

“सर, आपली खिडकी फोर्टात आहे.”

यावर साहेब काही क्षण गप्प राहिले आणि मग अत्यंत समजूतदारपणे म्हणाले, “असे करा, गाड्या बंद झाल्या की मला लगेच कळवा, म्हणजे आपण सगळ्यांना स्टेशनवर पाठवू.”

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर नोंदला गेला होता, हे मी त्यांना तिथल्या तिथे ऐकवायला हवे होते. पण असली आकडेवारी मला नेहमी फोन ठेवल्यावरच आठवते. अखेरीस “तुम्ही तिथे आहात, तुम्हीच ठरवा,” असे म्हणून त्यांनी फोन ठेवला. अधिकार मिळाल्याच्या आनंदात मी हे वाक्य लेखी मागून घ्यायला विसरलो.

सव्वाचारला शिपाईमामा चहा घेऊन आले आणि रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत, शक्य तितक्या गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “साहेब, ऊन चांगलं आहे, तुमची छत्री वाळत घालू का?”

काल मला पत्र आले असून, कार्यालयाचे ८० मनुष्यतास कोणत्या खात्रीलायक माहितीच्या आधारे वाया घालवले, याचा खुलासा आज पाच वाजेपर्यंत मागवला आहे. खात्रीलायक माहिती असती तर निर्णय शिपाईमामांनीही घेतला असता आणि मला महिन्याला पगार द्यायचे कारण उरले नसते. हे वाक्य खुलाशात लिहून मी दोनदा खोडले आहे.

आता तीन वाजले आहेत आणि बाहेर खरोखरच धो धो कोसळत आहे. बदलापूरला राहणाऱ्या बाई पर्स खांद्याला लावून माझ्या टेबलासमोरून तिसऱ्यांदा गेल्या. मी खुलाशातून मान वर काढलेली नाही.