‘बाऊ’ या शब्दाबद्दल

नमस्कार. अल्नर नर्व्हच्या, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणाऱ्या मज्जातंतूच्या, रक्तपुरवठ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: “पोस्टीरियर अल्नर रिकरंट ब्रेकियलमधून निघते? ती अल्नर आर्टरीची शाखा आहे. नर्व्हच्या आत लांबीभर रक्तवाहिन्यांचं जाळं असतंच, मग बाहेरच्या एखाद्या आर्टरीचा एवढा बाऊ कशाला? शिवाय ट्रायल्समध्ये नुसतं डीकॉम्प्रेशन ट्रान्सपोझिशनइतकंच चांगलं ठरलंय.”

(डीकॉम्प्रेशन म्हणजे चेपलेली नर्व्ह जागेवरच मोकळी करणं; ट्रान्सपोझिशन म्हणजे ती कोपराच्या मागून पुढे हलवणं.)

पहिलं मान्य; ती शाखा अल्नर आर्टरीचीच, दंडातल्या मुख्य ब्रेकियल आर्टरीची नव्हे. लिहिण्याच्या ओघात चुकलो, लेखात दुरुस्ती केली आहे. आभार.

आता ‘बाऊ’. एखाद्याच्या आठवडाभराच्या मेहनतीवर एका शब्दाचा शिक्का मारणं सोपं असतं. आतलं जाळं असतं, हे मीही लिहिलंय; तिसरा परिच्छेद आहे, वाचला असता तर दिसला असता. प्रश्न आहे, त्या जाळ्यात रक्त येतं कुठून? वरून सुपीरियर अल्नर कोलॅटरल आर्टरी नर्व्हच्या जोडीनेच उतरते. खालून पोस्टीरियर अल्नर रिकरंट फ्लेक्सर कार्पाय अल्नॅरिस या कोपराखालच्या स्नायूच्या दोन डोक्यांमधून वर चढते. मधल्या पट्ट्यात इन्फिरियर अल्नर कोलॅटरल आर्टरीच्या बारीक फांद्या. ट्रान्सपोझिशन करताना नर्व्ह एपिकॉन्डाइलच्या (कोपराच्या आतल्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्याच्या) मागून पुढे आणायची म्हणजे या फांद्या आड येणारच. सुपीरियर कोलॅटरल भोवतालच्या चरबीसकट नर्व्हबरोबर आणता येते. इन्फिरियरची फांदी आखूड, ती बहुतेकदा बांधावी लागते. म्हणून तर उरलेल्या दोन जपायच्या!

आणि ही नर्व्ह धडधाकट नसते हो. महिनोन्‌महिने चेपलेली असते. सशाच्या नर्व्हवरचे जुने प्रयोग आहेत: 8 टक्के ताण पडला की व्हेन्यूल्समधला, म्हणजे अगदी बारीक शिरांमधला, प्रवाह मंदावतो, 15 टक्क्यांच्या आसपास रक्ताभिसरण थांबतं. अशा नर्व्हला वरून-खालून नागडं करायचं आणि ‘आत जाळं आहे की’ म्हणत टाके घालायचे? तुमच्या हातून होत असेल. माझ्या नाही.

मी 19 वर्षं कोपरं उघडतोय. इतकंच नाही, माझ्या स्वतःच्या डाव्या कोपरावर हेच ऑपरेशन झालंय. सहा महिने करंगळी बधिर होती, शर्टाचं बटण लावताना बोटं फसायची. माझ्या सर्जनने दोन्ही आर्टरी जपल्या आणि माझी करंगळी परत आली. तुम्ही कधी झोपेतून उठून स्वतःची करंगळी चाचपली आहे का?

राहिल्या ट्रायल्स. वाचल्यात. माझा लेख ट्रान्सपोझिशन कसं करावं यावर होता, करावं की नाही यावर नव्हता. कोपर वाकवताना नर्व्ह एपिकॉन्डाइलवरून घसरत असेल तर ते करावं लागतं, तेव्हा तो मुद्दा इथे गैरलागू.

पुढच्या वेळी नाव घालून लिहा. निनावी माणसाशी वाद घालायला मला ओपीडीतून वेळ मिळत नाही; आज मिळाला, तो अपवाद समजा.